सणाचं सेटिंग

माझं काम काय, हे गावाकडे कोणाला समजावून सांगायचं म्हणजे माझी पंचाईतच होते. आई तिच्या परीने सांगते, आमची पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, कॉम्प्युटरवर चुका काढते. त्यावर पोलादपुरातली आमची शेजारीण एकदा म्हणाली, "म्हंजे सासूचंच काम की गो, आणि त्याचा पगार देतात?" मी तेव्हा खूप हसले होते. पण तिचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्याने लावलेल्या आकड्यांत खोट काढायची आणि चारचौघांत ती लाल रंगात दाखवायची, हीच माझी नोकरी.

कंपनी रसायनं बनवते. तिचे आठ-नऊ ठिकाणी कारखाने आहेत, त्यातला एक महाडच्या एमआयडीसीत. हल्ली कारखान्यातली यंत्रं कॉम्प्युटरवर चालतात, आणि त्या कॉम्प्युटरला हजारो गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतात. किती अंशांला हूटर वाजवायचा, वाजवण्याआधी किती सेकंद थांबायचं, किती दाबाला पंप बंद करायचा. यालाच सगळे सेटिंग म्हणतात. त्यातला एक आकडा कोणी चुकीचा भरला तर तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, आणि नेमका गरजेच्या दिवशी दगा देतो. एवढे आकडे माणसाने रोज तपासायचे म्हटलं तर तपासणाराच वेडा होईल. म्हणून आमच्या गटाने एक प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी सहाला तो सगळ्या कारखान्यांतला प्रत्येक आकडा मंजूर यादीशी ताडून बघतो. जुळला तर हिरवी ओळ, नाही जुळला तर लाल. कुठला फरक चालेल आणि कुठला नाही, हे ठरवणारे नियम मी लिहिले.

मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. पहिल्याच महिन्यात गुजरातच्या कारखान्यात एका पंपाच्या सेटिंगमधला दशांश चिन्हाचं टिंबच गायब असल्याचं सापडलं. साडेचारच्या जागी पंचेचाळीस. कधीपासून ते कोणालाच सांगता येईना. त्या दिवशी आमच्या गटाची प्रमुख माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, तुझ्या प्रोग्रामने आज कोणाचा तरी जीव वाचवला. मी रात्री आईला फोन करून हे दोनदा सांगितलं.

महाडच्या कारखान्यात माझा मामा होता. आईचा धाकटा भाऊ, पोलादपूरजवळच्या कापडे गावचा. घरची भातशेती सांभाळून तीस वर्षं त्याने तिथे नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त चार नंबरच्या रिअॅक्टरच्या पॅनेलवर. रिअॅक्टर म्हणजे बंद तोंडाचं दोन मजली पातेलं समजा. आत माल शिजतो, आणि पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून पडद्यावर त्याचं तापमान बघत राहायचं, याला पॅनेल सांभाळणं म्हणतात. मी कॉलेजात असताना घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस होता, तेव्हा मामाने मला त्या पडद्यापुढे बसवलं होतं. म्हणाला, आकडा किती हाय ते बगू नको गो, तो कुठनं निगालाय आणि किती घाईत हाय ते बग. पुढे पुण्यात मोठमोठ्या लोकांनी मला हेच पाच-पाच तास शिकवलं. मी ह्या धंद्यात आले ती त्याच्यामुळे.

आता त्या कारखान्यातला एक रिवाज सांगते. तो कुठल्याही कागदावर नाही.

शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी घरोघरी येते. आपल्या दारात पालखी आली आणि घरचा पुरुष कामावर आहे, असं चालत नाही. अंगणात पालखी नाचवायला खांदे लागतात. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतली माणसं त्या दिवसांत कारखान्यात थांबणं शक्यच नाही. आणि मार्चातच चवदार तळ्यावरचा दिवस असतो. महाडातली आणि आजूबाजूच्या वाड्यांतली बौद्ध मंडळी त्या दिवशी कामावर येत नाहीत, त्यांनी येऊ नये असंच सगळ्यांना वाटतं. बाहेरगावाहून माणसं येतात, त्यांच्या पाण्याची, जेवणाची व्यवस्था यांच्याकडेच असते. तेव्हा मामाच्या शिफ्टने जुनी वाटणी केली होती. शिमग्याला त्यांनी आमच्यांची शिफ्ट सांभाळायची, तळ्याच्या दिवशी आमच्यांनी त्यांची. ही वाटणी मामाने आणि महाडातल्या एका ऑपरेटरने मिळून सुरू केली. त्या ऑपरेटरला मी दादा म्हणते. दोघं तरुणपणापासून एका पॅनेलवर. रजा मागायची नाही, कारण मागितली तर सगळ्यांना मिळत नाही. मस्टरवर सगळे हजर. साहेबाला माहीत होतं, पण तोही कानाडोळा करायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण माणसं कमी, हे काही मस्टरवर लिहून बदलत नाही. एरवी पॅनेलवर एक ऑपरेटर आणि खाली रिअॅक्टरपाशी एक असतो. तापमान वाढलं आणि हूटर वाजला की खालच्याने थंड पाण्याचा मोठा चाकाचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा. सणाच्या दिवशी वर-खाली दोन्हीकडे एकच माणूस. त्याला जिना उतरून, वळसा घालून व्हॉल्व्हपाशी पोचायला सात-आठ मिनिटं जास्त लागतात. म्हणून मामाने आणि दादाने काय केलं, की अशा दिवसांच्या आदल्या संध्याकाळी हूटरचा आकडा अठ्ठ्याऐंशीवरून ब्याऐंशी करायचा, आणि एक मिनिट थांबून वाजायच्या ऐवजी तो लगेच वाजेल असं करायचं. त्यात ती सात-आठ मिनिटं मिळतात. सण झाला की पुन्हा होतं तसं. ते याला सणाचं सेटिंग म्हणायचे. मी हे लहानपणापासून मामाच्या तोंडून ऐकलेलं. साधं, शहाणपणाचं, कोणालाही न विचारता केलेलं काम. आमच्याकडची बरीच शहाणपणाची कामं अशीच होतात.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला आमच्या प्रोग्रामला नवीन अधिकार मिळाले. तोवर तो फक्त लाल ओळ दाखवायचा. आता ठरलं की लाल ओळीला आम्ही कारण लावायचं, आणि कारण 'मानवी चूक' असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला प्रोग्रामने स्वतःच मंजूर आकडा परत बसवायचा. चार कारणं होती: मंजूर बदल, यंत्रातला बिघाड, मानवी चूक आणि इतर. 'इतर' निवडलं की खाली सविस्तर लिहावं लागे, आणि चौकशी होईपर्यंत तो आकडा जसाच्या तसा ठेवला जाई. ही यादी मीच केली होती.

त्या वर्षी शिमगा आणि तळ्याचा दिवस एकाच आठवड्यात आले. सोमवारी सकाळी महाडच्या दोन ओळी लाल. चार नंबर रिअॅक्टर, अठ्ठ्याऐंशीच्या जागी ब्याऐंशी. थांबायचा वेळ साठ सेकंदांच्या जागी शून्य.

मी एका नजरेत ओळखलं. ओळखायला काय लागतं? पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत आहे ते आईने आदल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं.

दहाच्या मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर सगळ्यांच्या लाल ओळी लावल्या होत्या. महाडच्या ओळी आल्या तेव्हा एकजण गमतीत म्हणाला, महाडवाल्यांना शिमगा चढलेला दिसतोय. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, तो आपला होळीवरून बोलला. सगळे हसले. मीही हसले. मग गटाची प्रमुख माझ्याकडे वळली. महाड तुझंच ना, तिने विचारलं, ह्याला काही कारण असू शकतं का? मी म्हणाले, "नाही, कोणीतरी चुकून बदललं असणार." आणि सगळ्यांसमोर मानवी चूक निवडून मोकळी झाले. फार तर पाच सेकंद लागले असतील.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. कधी सांगते की मी त्यांना वाचवत होते. खरं लिहिलं असतं तर मस्टरचं खोटं उघडं पडलं असतं, आमच्या आणि त्यांच्या मिळून वीस-बावीस माणसांवर कारवाई झाली असती, साहेबाचीही खुर्ची गेली असती. हे कारण चांगलं आहे, आणि थोडंसं खरंही आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात त्यातलं काही नव्हतं. त्या क्षणी मला लाज वाटली. काचेच्या खोलीत, इंग्रजी-मराठी मिसळून बोलणाऱ्या माणसांपुढे, आमच्याकडे पालखी नाचवायला माणसं कारखाना सोडून जातात आणि माझा मामा त्यासाठी सेटिंग बदलतो, हे मला सांगवेना. आमची सगळी बुद्धी त्यांना अडाणीपणा वाटेल, अशी भीती वाटली. आग लागो त्या लाजेला.

मामाला कळवावं असं मनात आलं होतं. दुपारी फोन लावला. तो फर्स्ट शिफ्टला होता आणि फोन गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे कोणी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा लावायचा होता. संध्याकाळी मैत्रिणीकडे जेवायला गेले आणि विसरले. विसरले असं म्हणते खरी. जेवताना एकदा आठवलं होतं, पण तिथून उठून बाहेर जाऊन फोन करण्याचा कंटाळा केला. मनात म्हटलं, होऊन होऊन काय होणार आहे.

मंगळवारी सकाळी सहाला प्रोग्रामने आकडे परत बसवले. तशी सूचना पॅनेलवर झळकावी असं आधी आमच्यात बोलणं झालं होतं. उगाच ऑपरेटरांचं लक्ष विचलित होतं म्हणून मीच तो नियम काढला होता. सूचना मेलने कारखान्याच्या इंजिनिअरला जायची. इंजिनिअर शिमग्याला गावी गेला होता.

पुढचं मी मामाकडून, दादाकडून आणि चौकशीच्या कागदांतून जुळवलंय. मंगळवार तळ्याचा दिवस, त्यामुळे दादाही नव्हता, आणि आमच्यातले बाकीचे पालखीला गेलेले. मामा वर आणि खाली एकटाच, जोडीला पॅनेलचं काही न शिकलेला एक कंत्राटी कामगार. साडेनऊच्या सुमाराला खाली पार पलीकडच्या टोकाच्या एका पंपातून गळती दिसली म्हणून मामा बघायला उतरला. ब्याऐंशीला हूटर ओरडेल, मग आपल्याला भरपूर वेळ आहे, असा त्याचा हिशोब. हूटर ओरडला तो अठ्ठ्याऐंशीला, तोही वर एक मिनिट थांबून. मामा धावत व्हॉल्व्हपाशी पोचला तोवर आतला माल उसळला होता आणि झाकणाच्या फटीतून उकळतं रसायन बाहेर उडालं. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याच हाताने त्याने चाक फिरवून व्हॉल्व्ह पुरता उघडला, आणि मग खाली बसला. बाकी कोणाला काही झालं नाही. त्या दिवशी त्याने चाक सोडून पळ काढला असता तर काय झालं असतं, ते मला विचारू नका.

मामीचा फोन आला तेव्हा मी पुढच्या महिन्याच्या नियमांची यादी करत होते. भोर-वरंध्याच्या घाटाने महाडला येईपर्यंत मी पाण्याचा घोटही घेतला नाही. दवाखान्यात मामाचा हात कापसात गुंडाळून उशीवर ठेवला होता. मला बघून म्हणाला, तू कशाला आलीस एवढ्या लांबनं. मग छताकडे बघत म्हणाला, "हूटर उशिरा वाजला गो. सेटिंग करताना माझंच कायतरी र्‍हायलं." तीस वर्षांच्या कामात त्याने स्वतःवर असा संशय घेतलेला मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

आठवड्याभराने चौकशीला तीन साहेब आले. आमच्या प्रोग्रामची नोंद त्यांच्या हातात होती. ऑपरेटरने परवानगीशिवाय आकडे बदलले, केंद्रीय गटाने ती मानवी चूक ठरवली, यंत्रणेने आकडे दुरुस्त केले, ऑपरेटर पॅनेल सोडून खाली गेला, अपघात झाला. एक शब्द खोटा नव्हता, आणि सगळं मिळून धडधडीत खोटं होतं. नोंदीत माझं नाव नव्हतं, नुसतं केंद्रीय गट. आकडे प्रोग्रामने परत फिरवले हे मामाला तिथे कळलं. तो एवढंच म्हणाला म्हणे, मशीनला काय कळतंय शिमगा. तेही हळू, शेजारी उभ्या दादाला ऐकू जाईल इतकंच. साहेबांनी विचारलं, आकडे का बदलले? मामाने सांगितलं, चुकून झालं.

चौकशीच्या आदल्या दिवशी दादा मामाच्या घरी आला होता. आपण खरं सांगून टाकू, मीही यात होतो, म्हणत होता. तेव्हा मी तिथेच बसले होते. मामाने त्याला उडवून लावलं. म्हणाला, "माझी दीड वर्षं र्‍हायलीत. तुमची पोरं अजून शिकतायत. एकानं मान दिली की बाकीचे सुटतात, त्यात काय एवढं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, तूबी गप र्‍हा, हापिसात कायेक बोलू नको. मी गप्प राहिले. माझ्यासारखी आज्ञाधारक भाची शोधून सापडायची नाही. त्याच्या त्या एका वाक्याआड मी वर्षभर लपले.

मामाला पॅनेलवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. उजव्या हाताची तीन बोटं वळेनाशी झाली होती, त्यामुळे तिथेही त्याला काही उचलता येईना. पावसाळ्यानंतर त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आमच्याकडे कारखान्यातून माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याला शाल-नारळ देतात, हार घालतात आणि फुलांनी सजवलेल्या जीपमधून, बाजा लावून गावापर्यंत सोडायला येतात. कापड्यात आजवर अशा चार-पाच जणांना आणलं होतं. आपल्या वेळी बाजा कुठला सांगायचा, हे मामा दर गणपतीला हसत-हसत ठरवायचा. ज्याच्या कागदावर शिक्षा असते त्याच्यासाठी कंपनी समारंभ करत नाही. शेवटच्या दिवशी तो सहा आसनी रिक्षाने आला, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. मामीने विचारलं, एकटेच आलात? तो म्हणाला, अजून कोण येणार होतं.

आणि गावात काय बोलायचे? मोठा ऑपरेटर म्हणवत होता, आणि बटण चुकला. पडवीत बसलेल्या मामाला ते ऐकू जायचं. तो कोणालाही उत्तर देत नव्हता. मला मात्र म्हणायचा, तुझं मशीन बरोबरच होतं गो, त्यानं त्याचं काम केलं, माझाच नेम चुकला. त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने झोपले असते.

इकडे पुण्यात कंपनीची मोठी सभा झाली. त्यात आमच्या प्रोग्रामवर वीस मिनिटं होती. पडद्यावर गुजरातचं टिंब आलं, टाळ्या झाल्या. मग महाड आलं. कर्मचाऱ्याने परस्पर केलेला बदल यंत्रणेने चोवीस तासांत पकडला आणि दुरुस्त केला, असं लिहिलं होतं. हात भाजल्याचं त्यात नव्हतं. मला उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. मी हसलेसुद्धा. हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

यंदा मी शिमग्याला रजा काढून पोलादपूरला आले. तपासणीचा अहवाल मोबाइलवर येतो, तो सहाला बघायची सवय सुटत नाही. महाडचा कारखाना पूर्ण हिरवा. एकही लाल ओळ नाही. मला आधी हायसं वाटलं. आईने चहा पुढे ठेवला, पहिला घोट घेतला, आणि कप तसाच खाली ठेवला. आदल्या संध्याकाळी निम्म्या महाड तालुक्यात पालख्या निघाल्या होत्या. मग लाल ओळ का नाही?

दादाला फोन लावला. शिफ्ट सुरू व्हायला थोडा वेळ होता, तो गेटबाहेरच होता. मी विचारलं, आज किती माणसं आहात? तो म्हणाला, "मस्टरवर सहा." मी म्हणाले, मस्टर मला माहीत आहे. तेव्हा तो म्हणाला, "दोघं आहोत, मॅडम." मला मॅडम तो चिडवायला म्हणतो, पण त्या दिवशी त्यात चिडवणं नव्हतं. मी विचारलं, आणि सेटिंग?

"हात लावला नाही. तुझ्या मामाचं झाल्यापासून कोणीच लावत नाही. लावलं की तुमच्याकडे लाल दिसतं ना."

म्हणजे माणसं तितकीच कमी, व्हॉल्व्ह तितकाच लांब, फक्त ती सात-आठ मिनिटं आम्ही काढून घेतली होती. त्याचंच नाव पूर्ण हिरवा. मी दादाला सांगितलं, आकडा ब्याऐंशी कर, वेळ शून्य कर, आणि कोणी विचारलं तर माझं नाव सांग. तो म्हणाला, नक्की का? मी म्हणाले, नक्की.

त्यानंतर गटाच्या प्रमुखाला फोन केला. ती नुकतीच उठली होती. मी सरळ सांगितलं, गेल्या वर्षी महाडच्या ओळींना मी खोटं कारण लावलं. ती मानवी चूक नव्हती, आणि ते मला त्याच वेळी माहीत होतं. ज्याचा हात भाजला तो माझा मामा आहे. मग तिने विचारलं, तू हे वर्षभर का नाही सांगितलंस? मी म्हणाले, घाबरट आहे म्हणून. ती म्हणाली, ते प्रकरण बंद झालंय, पण लिहून पाठव, सगळं. मी लॅपटॉप उघडला. महाडची तपासणी पुन्हा चालवली, दोन ओळी लाल आल्या; त्यांना 'इतर' लावून आकडे थांबवले आणि खाली लिहीत सुटले. पालखी, तळं, वाटणी, मस्टर, व्हॉल्व्ह, सोमवारची मीटिंग. इतर कोणाचं नाव लिहिलं नाही, स्वतःचं मात्र पहिल्याच ओळीत लिहिलं. कमी माणसांच्या दिवसांचं वेगळं सेटिंग मंजूर यादीत घ्या, अशी मागणी शेवटी केली. ती मान्य होईल की माझी नोकरी जाईल की वीस घरांवर नोटिसा येतील, हे अजून मला माहीत नाही. चौकशी चालू आहे.

पाठवलं आणि भर उन्हात कापड्याला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पालखी येणार होती, अंगण ताजं सारवलेलं होतं. मामा पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलत होता. शेंग गुडघ्याखाली धरायची आणि डाव्या हाताने सोलायची, अशी त्याने युक्ती बसवली होती. मी समोर बसले. पुण्याहून निघताना, बसमध्ये, वर्षभर, किती तऱ्हांनी हे बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच:

"मामा, ते सेटिंग तुझंय हे मी ओळखलं होतं. चूक म्हणून मीच लिहिलं. मशीनने नाही."

त्याने हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे सुपात टाकले.

"कवा ओळखलंस?"

"सोमवारी. सकाळीच."

"म्हंजे अक्खा दिवस होता."

"होता," मी म्हणाले. मग घाईघाईने सांगू लागले, की आज मी सगळं लिहून पाठवलंय, आता कागदावरून तुझी चूक निघेल, कदाचित समारंभसुद्धा करतील. त्याने मला बोलू दिलं. रडू आलं तेही येऊ दिलं. मी थांबल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तवा लिवलं असतंस तर माझा हात वाचला असता. आता लिवलंस, त्यानं तुझं मन वाचलं."

आवाजात राग नव्हता. त्याने सूप बाजूला सारलं आणि आत हाक मारली, हिला वाढ गो, उन्हातनं आलीय.

मामीने दोघांची पानं शेजारी-शेजारी मांडली. भात, वालाची आमटी, पापड. मामा डाव्या हाताने जेवत होता. अजून त्याला नीट जमत नाही, घास तोंडापर्यंत नेताना शितं सांडतात. मामी पाटापाशी बसून ती एकेक करून उचलत होती आणि मला म्हणत होती, तू जेव, तू का थांबलीस.